धाकट्या भावाचे कोकेनचे व्यसन : सक्तीने दाखल करावे का?

धाकट्याची ताई

माझा धाकटा भाऊ मुंबईत इव्हेंट मॅनेजमेंटच्या व्यवसायात आहे. गेल्या महिन्यात त्याच्या खोलीत सुरळी केलेली शंभराची नोट आणि कडेला पांढरी पूड लागलेले एटीएम कार्ड सापडले, तेव्हा कोकेन घेत असल्याचे त्याने मान्य केले. मात्र हे व्यसन नव्हे, असे तो ठासून सांगतो, कारण मधले चार-पाच दिवस तो त्याशिवाय राहतो, हातपाय थरथरत नाहीत आणि उलट्याही होत नाहीत. प्रत्यक्षात शनिवार-रविवार उलटला की तो दिवसभर झोपून राहतो, उठल्यावर पातेलेभर भात संपवतो आणि नंतर कोणाशी धड बोलत नाही. पगार महिन्याच्या मध्यालाच संपतो. सांगलीला आईबाबांना हे कळल्यावर बाबांनी एका केंद्राशी बोलणी केली आहेत. तिथली माणसे गाडी घेऊन येतात, रुग्णाला घरातून उचलून नेतात आणि सहा महिने कोणालाही भेटू देत नाहीत. मला हे पटत नाही, परंतु दुसरा मार्गही सुचत नाही. रुग्णालयात नेले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही आईची धास्ती वेगळीच. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मनोविकारतज्ज्ञ, पुणे

ताई, तुमच्या भावाचा युक्तिवाद मी ओपीडीत वारंवार ऐकतो आणि तो खोटेपणाने केलेला असतोच असे नाही. दारू किंवा ब्राउन शुगर अचानक बंद केली की शरीर उघड बंड करते. कोकेनच्या बाबतीत तसे फारसे घडत नाही, म्हणून रुग्ण आणि घरचे दोघेही फसतात. तुम्ही वर्णन केलेली झोप, ती भूक आणि तो अबोला हीच त्याची माघारीची, म्हणजे नशा थांबल्यावर दिसणारी लक्षणे आहेत. मेंदूतील पेशी डोपामिन हे आनंदाची जाणीव देणारे रसायन सोडतात आणि त्याचे काम झाले की ते पुन्हा आत ओढून घेतात. कोकेन ही परतीची वाट अडवते, त्यामुळे डोपामिन साचून राहते आणि उत्साहाची लाट येते. नाकाने ओढल्यास हा अंमल साधारण 15 ते 30 मिनिटांत ओसरू लागतो, म्हणून एकाच रात्री ते पुन्हापुन्हा घेतले जाते. वारंवारच्या सेवनाने साध्या गोष्टींतला आनंद फिका पडतो. शिवाय सोडल्यानंतर कित्येक महिन्यांनीही विशिष्ट मित्राचा फोन, एखादी जागा किंवा पगाराची तारीख एवढ्या कारणानेही तल्लफ उसळू शकते.

हे व्यसन सोडवणारे मान्यताप्राप्त औषध आजतरी उपलब्ध नाही. नैराश्य, अस्वस्थता किंवा निद्रानाश यांवर औषधे दिली जातात, पण मुख्य उपचार समुपदेशनाचाच असतो. लघवीची तपासणी निर्दोष आली की ठरलेले लहानसे बक्षीस देण्याची एक पद्धत आहे. कुटुंबीयांना ती पोरकट वाटते, तरीही कोकेनच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा तिच्याच बाजूने आहे. सेवनानंतर साधारण दोन ते चार दिवस लघवीत अंश सापडतो, त्यामुळे तपासणी आठवड्यातून दोन-तीनदा करावी लागते. ती उपचारकेंद्रात व्हावी. घरी केल्यास बहीण पोलीस होऊन बसते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कोकेनबरोबर दारू घेतली की यकृतात कोकाएथिलीन नावाचे द्रव्य तयार होते. ते कोकेनपेक्षा अधिक काळ टिकते आणि हृदयाला अधिक घातक ठरते. तरुण वयातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. छातीत दुखणे, फिट येणे, अंग तापणे किंवा असंबद्ध बोलणे असे काहीही दिसले तर तातडीने अपघात विभाग गाठावा आणि कोकेन घेतल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण त्यावर औषधांची निवड बदलते.

बाहेर पडलेला

मी स्वतः यातून गेलो आहे. भावाशी बोलायचे असेल तर तो पहाटे परतल्यावर बोलू नका, झोपेतून उठल्या उठल्याही नको. पोटभर जेवण झालेल्या एखाद्या शांत संध्याकाळी बोला, आणि "तू आमचे नाक कापलेस" याऐवजी तुम्हाला जे दिसले तेवढेच सांगा. रोख पैसे देऊ नका. भाडे घरमालकाला आणि किराण्याचे पैसे दुकानदाराला परस्पर द्या. दारू चालू ठेवून कोकेन सोडता येईल, या समजुतीत मी फार काळ होतो. दोन पेग झाले की माल पुरवणाऱ्याचा नंबर आपोआप लावला जातो. तो नंबर, ते ग्रुप आणि निदान काही काळ रात्रीच्या कामाच्या जबाबदाऱ्या, हे सारे सोडावे लागते. मुंबई-पुण्यात नार्कोटिक्स अॅनॉनिमस या व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या विनामूल्य बैठका होतात. पुन्हा घसरण झाली तर सगळे पाण्यात गेले असे मानू नका. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कोणी त्याचे उपचार थांबवत नाही.

वकील, मुंबई

आईंची भीती समजण्याजोगी आहे. अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार (एनडीपीएस, 1985) सेवन हा गुन्हाच आहे. तथापि त्याच कायद्याचे कलम 64अ असे सांगते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने सरकारी अथवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. कोकेनसाठी अल्प प्रमाण म्हणजे 2 ग्रॅम. विक्रीत गुंतलेल्याने या कलमावर भिस्त ठेवू नये.

उचलून नेणाऱ्या केंद्राविषयी माझे मत स्पष्ट आहे : बाबांना थांबवा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 व्यसनाधीनतेलाही लागू आहे. रुग्णाच्या संमतीविना दाखल करायचे झाल्यास एका मनोविकारतज्ज्ञासह दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तशी गरज नोंदवावी लागते, आणि असा प्रवेश प्रथमतः 30 दिवसांपुरताच असतो. रुग्णाला साखळीने बांधणे पूर्णतः निषिद्ध आहे. कोणत्याही केंद्राकडे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचे नोंदणी प्रमाणपत्र आधी मागा; ते दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून परत फिरा.

धाकट्याची ताई

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल त्याच्याशी बोलले. बाबांना काही सांगणार नसशील तर एकदा डॉक्टरांकडे येतो, असे तो म्हणाला. ही अट मान्य करावी का?

मनोविकारतज्ज्ञ, पुणे

अवश्य करावी. तो सज्ञान आहे आणि उपचारांची गोपनीयता हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. बाबांना एवढेच सांगा की उपचार सुरू होत आहेत आणि त्या केंद्राशी चाललेली बोलणी थांबवावीत. वेळ याच आठवड्यातली घ्या, कारण अशी तयारी फार दिवस टिकत नाही. महापालिकेच्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते. निवासी उपचारांची गरज भासल्यास पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काम करत आहे. तत्काळ सल्ल्यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस 14416 हे क्रमांक आहेत. सोबत जा, पण तपासणीच्या खोलीत त्याला एकट्याने बोलू द्या. आणि त्या उदास दिवसांत जीव नकोसा होतो का, हे त्याला आजच सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी आले, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि तोवर त्याला एकटे सोडू नका.