ग्रीन कार्ड देणाऱ्या पक्षाला मतं मिळतात का?

गलाईवाला_विटा
मंडळी, प्रश्न अमेरिकेचा आहे, पण भांडण इथलं, विट्याच्या स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावरचं.

माझा भाचा २०१४ पासून डॅलसला. एच-१बी या कामाच्या व्हिसावर. कंपनीने ग्रीन कार्डाचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज करून आठ वर्षं झाली, नंबर काही लागत नाही. पोरगा तिथेच जन्मला, म्हणजे घरात अमेरिकन नागरिक एकच आणि तो तिसरीत. बहीण फोनवर दर खेपेला विचारते, "दादा, तिकडचं सरकार बदललं की होईल का रे काम?"

गाड्यावर दोन तट पडलेत. आमचे पैलवान म्हणतात, जो पक्ष कागद करून देईल त्याला ती माणसं जन्मभर मत देणार, झोपडीला फोटोपास देणाऱ्याला कोण विसरतं? आबा म्हणतात, एवढं सोपं असतं तर दोन्ही पक्षांनी चढाओढीने वाटली नसती का कार्डं?

मी सेलमला २६ वर्षं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं, दुकान चालवलं. मूस, भट्टी आणि तेजाबाचा वास, बायको म्हणायची लग्नात घातलेल्या शर्टालाही येतो. पहिली पंधरा वर्षं माझं नाव गावच्याच मतदार यादीत होतं. सेलमला निवडणूक लागली की उमेदवार गल्लीत यायचा, शेजारच्या मिठाईवाल्याला वाकून हात जोडायचा आणि माझ्या दाराशी आला की त्याला मनगटावरचं घड्याळ आठवायचं. उलट गावची पंचायत लागली की मिरज स्टेशनवर आमच्यासाठी जीप उभी. पुढे नाव तिथल्या यादीत चढलं, त्या वर्षी तोच गडी आत येऊन बाकड्यावर अर्धा तास बसला. माझ्या मोडक्या तमिळचं कौतुकसुद्धा केलं.

तर सांगा, अमेरिकेत असा कायदा करून एखाद्या पक्षाची मतं खरोखर वाढली का?

कृष्णाकाठ
काका, आबांच्या बाजूने एक मोठा पुरावा आहे. १९८६ साली रेगन यांनी कायद्यावर सही केली आणि कागद नसलेल्या सुमारे २७ लाख लोकांना कायम राहण्याचा परवाना मिळाला. अध्यक्ष रिपब्लिकन. दोनच वर्षांनी निवडणूक झाली, पण लॅटिनो, म्हणजे मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडून आलेल्यांची, मतं त्या पक्षाकडे वळली नाहीत. ज्यांना कागद मिळाले त्यांना मतच नव्हतं. ग्रीन कार्डवाल्याला तिथे अध्यक्षीय निवडणुकीत मतदान नसतं. साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करायचा, परीक्षा द्यायची, शपथ घ्यायची, मग यादीत नाव. तोवर तिकडच्या दोन निवडणुका होऊन गेलेल्या असतात. तुमचा सेलमचा उमेदवार घड्याळ बघत होता तो उगीच नव्हे.

उलट्या बाजूचं मात्र पक्कं लक्षात राहतं. १९९४ ला कॅलिफोर्नियात मतदारांसमोर प्रस्ताव १८७ मतदानाला आला. कागद नसलेल्यांच्या पोरांना सरकारी शाळा बंद, दवाखान्याची मदत बंद. गव्हर्नर पीट विल्सन यांनी तो उचलून धरला, प्रस्ताव पास झाला आणि तेही निवडून आले. न्यायालयाने नंतर तो अडवला. पण कागद असलेले लॅटिनोही असे हबकले की लाखोंनी नागरिकत्वाचे अर्ज केले. आज त्या राज्यात रिपब्लिकन पक्षाला गव्हर्नरपद म्हणजे दिवास्वप्न.

दोन्ही पक्ष का वाटत नाहीत, तर तिकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देत नाहीत, पक्षाचेच मतदार प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. २०१३ ला सिनेटने मोठं सुधारणा विधेयक ६८ विरुद्ध ३२ ने मंजूर केलं, दोन्ही पक्षांची मतं पडली. खालच्या सभागृहात ते मतदानालाच आलं नाही. पुढच्याच वर्षी तिथले रिपब्लिकन बहुमतनेते एरिक कँटर प्राथमिक फेरीतच पडले. समोरचा डेव्ह ब्रॅट नवखा, एका कॉलेजातला प्राध्यापक. त्याच्या प्रचारात स्थलांतराचा मुद्दा पुढे होता. हे बघितल्यावर कुठला आमदार-खासदार सहीला पुढे येईल?

मेघना_तासगाव
कॅलिफोर्नियाबद्दल थोडं थांबा. तिथे १९९२ लाच डेमोक्रॅटिक पक्षाचे क्लिंटन जिंकले होते, १८७ च्या दोन वर्षं आधी. एकट्या त्या प्रस्तावावर सगळं लादणं म्हणजे द्राक्षं गेली की सगळा दोष दावण्या रोगाला देणं. वारा, पाणी, छाटणीची तारीख कोण बघणार?

आणि "लॅटिनो म्हणजे डेमोक्रॅट" हे गणितही आता बसत नाही. टेक्सासच्या सीमेवर स्टार काउंटी आहे, लोकसंख्या जवळजवळ सगळी लॅटिनो. तिथे २०२४ ला ट्रम्प जिंकले. त्याआधी तिथे रिपब्लिकन उमेदवार जिंकला होता तो १८९२ साली! आधी आलेला माणूस मागून येणाऱ्याचा कैवारी असतोच असं नाही. आमच्याकडे छाटणीला बाहेरून मजूर आले की कुरकुर कोण करतं? दहा वर्षांपूर्वी बाहेरून आलेलेच.

काका, भाच्याची अडचण तर आणखी वेगळी. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. भारत आणि आइसलँड एकाच मापात. ती मर्यादा उठवणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये खालच्या सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ ने मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने आपला बदललेला मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसेपर्यंत मुदत संपली. कुणा एका पक्षाचा विरोध म्हणावा तर तसा नाही. रांगेतल्यांना मत नाही, एवढंच.

सांगलीकर_लेस्टर
इंग्लंडमध्ये उलटं आहे. इथे राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक मतदान करू शकतात, म्हणजे आपण भारतीय पासपोर्टवर. मी जुलै २०२४ ला कामाच्या व्हिसावर असताना मत दिलं. शाळेत केंद्र होतं, शिसपेन्सिलने फुली मारायची, बोटाला शाई नाही. मला चुकल्यासारखं वाटत होतं.

पण मत असून फायदा काय? मजूर पक्ष जिंकला. १ मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत स्थलांतराला विरोध करणाऱ्या रिफॉर्म पक्षाने मुसंडी मारली आणि १२ मेला सरकारने श्वेतपत्रिका काढली, कायम वास्तव्याची मुदत पाचाची दहा करण्याचा प्रस्ताव. माझं मत ज्यांना, त्यांनीच. आमची मतं चार गल्ल्यांत विखुरलेली, रिफॉर्मवाले मतदार अख्ख्या जिल्ह्यात.

गलाईवाला_विटा
सगळं वाचलं, सकाळी गाड्यावर मोठ्याने वाचूनही दाखवलं. कँटरचं ऐकून आबा उठून उभेच राहिले, त्यांचंही एकदा झेडपीचं तिकीट कापलं गेलंय. पैलवान मात्र हलले नाहीत. म्हणतात २७ लाख लोकांच्या नातवंडांचं बघा, आजोबाला कागद कुणी दिला ते घरात सांगत असतील की नाही? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मेघनाताई, दावण्याचं बरोबर बोललात.

बहिणीला फोन केला. पक्षांचं सांगत बसलो नाही. म्हटलं, नातू २१ चा झाला की अमेरिकन म्हणून तोच बापासाठी अर्ज करू शकतो. ती बोटं मोजत असावी, पलीकडून आवाज नाही. मग म्हणाली, "तेरा वर्षं. तोवर मी दिवाळीला कुणाच्या पानाभोवती रांगोळी काढू?"