अनुभव धागा: पुढचं काही दिसत नसताना नेम कसा टिकवायचा?

नोकरी राहणार की जाणार, रिपोर्ट काय येणार, पाऊस लागणार की नाही. अशा दिवसांत 'देवावर सोडून दे' असं सगळेच सांगतात. पण सोडायचं म्हणजे सकाळी उठून काय करायचं? ज्यांच्या घरात नेम मुरलाय त्यांनी लिहा. चमत्कार नकोत, कृती हवी.

माळकरी:
एक माळ. बस. १०८ मणी, 'रामकृष्णहरि' म्हणत एका मण्याला दोन-तीन सेकंद, म्हणजे चार-पाच मिनिटं. तर्जनी लावायची नाही. मेरुमणी (माळेच्या जोडावरचा मोठा मणी) ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. संकट आलं की माणूस रोज १६ माळांचा संकल्प करतो. त्याला तास-सव्वा तास लागतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो मोडतो आणि 'नेम मोडला, आता काहीतरी वाईट होणार' ही नवीनच भीती डोक्यावर बसते. राहिलेली माळ दुसऱ्या दिवशी भरून काढू नका, उधारी चढत जाते. त्या दिवसाची ती गेली.

रात्रपाळी:
दवाखान्याच्या बाकावर माळ हाताळणं जमत नाही, सारखे हात धुवावे लागतात. तिथे पेरं मोजा. चार बोटांची बारा पेरं अंगठ्याने, अशी आवर्तनं नऊ, किती झाली ते दुसऱ्या हातावर मोजायचं. झाले १०८. (शास्त्रातली करमाळ दहाची असते, पण रात्री तीनला तेवढं शास्त्र कोण बघतो?) गिनती चुकली तर मागे जाऊ नका. आणि नर्सने हाक मारली की जप तिथेच सोडून उठायचं, 'एवढी माळ पुरी करतो' म्हणायचं नाही.

इंद्रायणीकाठ:
माउलींच्या हरिपाठाचे अभंग २७, काही प्रतींत २८. एकट्याने वाचला तर वीसेक मिनिटं, टाळावर चालीत म्हटला की अर्ध्या तासाच्या पुढे. धावपळीच्या दिवसांत नऊ-नऊ करून तीन वेळांत वाटा. रूप बदललं म्हणून नेम मोडत नाही. २०२० साली पायी वारी झाली नाही. प्रस्थान झालं, पण पादुका आळंदीतच राहिल्या आणि ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. वारी चुकली असं कोणी म्हटलं नाही.

तळकोकण:
आमच्याकडे गाऱ्हाणं वेगळं आणि कौल वेगळा, घोळ इथेच होतो. गाऱ्हाण्यात गुरव देवाला सगळं सांगतो, बाकीचे 'होय महाराजा' म्हणतात. उत्तर मागायचं नसतं. कौलात देवाकडे उत्तर मागतात, त्यासाठी मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ लावतात. उजवीकडचा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. चाली देवळागणिक बदलतात. प्रश्न एकच घाला, हो-नाहीचा. मनासारखा कौल आला नाही म्हणून दुसऱ्या देवळात जाणाऱ्याला कौल नको असतो, होकार हवा असतो. 'ऑपरेशन करू का' हा कौलाचा प्रश्नच नव्हे. 'डॉक्टर सांगतात तसं चाललोय, पाठीशी राहा' एवढं गाऱ्हाणं पुरे.
नवस बोललात तर तारखेसकट वहीत लिहा, कोण बोललं तेही. विसरलेला नवस पुढच्या पिढीत प्रत्येक आजारपणाला कारण म्हणून निघतो. आणि कर्ज काढून फेडावा लागेल असा बोलूच नका.

वसईकर:
आमच्याकडे, ख्रिस्ती घरांत, रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. पाच दशकं, प्रत्येकात दहा मणी, पंधरा-वीस मिनिटं. नोव्हेना म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना. दहाव्या दिवशी निकाल लागलाच पाहिजे असं धरून बसलात तर नऊही दिवस कॅलेंडरकडेच लक्ष जातं. घरातल्या सगळ्यांनी मिळून म्हणा. एकाचा आवाज भरून आला की दुसरा पुढे नेतो.

शाईपेन:
मन अजिबात थाऱ्यावर नसेल तर लिखित जप. रेघांची वही, पानावर साधारण २४ ओळी, ओळीत चार वेळा नाव. चार पानं म्हणजे जवळजवळ ४००. पेन शाईचं घ्या, बॉलपेनने घाई होते.

प्रश्नकर्ती:
घरात सुतक असेल तर? नेमकी तेव्हाच गरज असते.

माळकरी:
सुतकात देवपूजा थांबते, नामाला सुतक नाही. देव्हाऱ्याला हात न लावता, जिथे बसला आहात तिथेच म्हणा.