मदत हवी आहे: मंडालेहून एका दिवसात अमरपुरा, इन्वा, सगाइंग, मिंगुन चारही होतील का?

चैत्रपालवी (१४ डिसेंबर २०१८)
म्यानमारमधल्या मंडालेत आमच्याकडे एकच मोकळा दिवस आहे. हॉटेलवाल्याने गाईडसकट गाडी सुचवलीय. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, त्यात चारही गावं. उद्या रात्रीपर्यंत त्याला कळवायचंय. कोणी म्हणतं आरामात होतं, कोणी म्हणतं एकही धड होत नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. होणार नसेल तर कुठलं गाळू?

ठाणेकर_काका
आधी डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत घ्या. घडी पडलेली नोट तिथे घेत नाहीत. माझी पन्नासची नोट मधल्या एका घडीपायी दोन दुकानांतून परत आली. व्हिसाही वेळेत काढा, ऑनलाइन होतो.

चैत्रपालवी
काका, व्हिसा हातात आहे, नोटाही कोऱ्या आहेत. मला फक्त चार ठिकाणांचं सांगा.

भटक्या_२२
अहो, पण महिना कुठला? किती जण? आणि मिंगुनला बोटीने नेणार की गाडीने? सगळं तिथेच अडतं. बोट मंडालेच्या धक्क्यावरून सकाळी नऊला सुटते, प्रवाहाविरुद्ध जायला तासभर लागतो आणि परत यायला दुपार होते. म्हणजे अर्धा दिवस एकट्या मिंगुनचा. उरलेल्यात बाकीची तीन होत नाहीत. तुमचा गाईड चार म्हणतोय, तर तो नक्की सगाइंगवरून गाडीने नेणार. तसं असेल तर दिवसाचा मोठा भाग गाडीत बसण्यात जाईल. त्याला हा एकच प्रश्न विचारा.

चैत्रपालवी
जानेवारी. दोघी. विचारलं, गाडीनेच.

केतकी_पुणे
मी म्हणेन सगळं सोडा आणि बागानला, त्या जुन्या मंदिरांच्या शहराला जा. तिथे जे आहे त्यापुढे मंडालेची आसपासची गावं फिकी वाटतात.

भटक्या_२२
ताई, त्यांच्याकडे एक दिवस आहे. बागानला जायचे-यायचे तास कुठून काढायचे? आणि फिकी का? आवा, म्हणजे आजचं इन्वा, १३६४ साली वसलं आणि मधले खंड धरूनही शतकानुशतकं ब्रह्मदेशची राजधानी होतं. १८३९ च्या भूकंपाने ते मोडलं. बगाया विहार बघा. २६७ सागवानी खांब, आत काळोख, आणि अनवाणी पायाला फळ्यांचा झिजलेला गुळगुळीतपणा जाणवतो. कोपऱ्यात लहान मुलांची शाळा भरते. मी तिथे तासभर नुसता बसून होतो. इन्वा गाळू नका.

जुनी_नाणी
राजधान्या इतक्या का हलल्या तेही समजून घ्या, म्हणजे बघताना मजा येईल. बोदाव्पया राजाने १७८३ मध्ये अमरपुरा वसवलं, त्याचा नातू परत आव्याला गेला, भूकंपानंतर पुन्हा अमरपुरा, आणि १८५७ मध्ये मिंडॉन राजाने मंडालेची पायाभरणी केली. राजवाडे लाकडी, त्यामुळे सोडवून हत्तींवर लादून नेता येत. अमरपुऱ्याचा ऊ बेन पूलही आव्याच्या जुन्या राजवाड्याच्या सागवानाचा, असं सांगतात.

रत्नागिरीचा_समुद्र
तो पूल थिबा राजानेच बांधला ना? ब्रिटिशांनी त्याला आमच्या रत्नागिरीत कैदेत ठेवलं होतं, इथे त्याचा राजवाडा आहे, म्हणून विचारतो.

जुनी_नाणी
नाही हो. पूल साधारण १८५० चा, ऊ बेन हा तिथला अधिकारी. थिबा गादीवर आला १८७८ ला. लांबी सव्वा किलोमीटर.

रत्नागिरीचा_समुद्र
बरं झालं सांगितलंत. मग त्यांनी मंडालेतला श्वेनांडॉ विहार तरी बघावाच. मिंडॉन गेल्यावर थिबाने राजवाड्यातला बापाचा तो भाग सोडवून बाहेर हलवला, म्हणून १९४५ च्या आगीत राजवाडा जळला तरी तो वाचला. आमच्या घराजवळच थिबाची समाधी आहे. १९१६ मध्ये तो इथेच गेला. त्याचं एवढं कोरीवकाम तिकडे उभं आहे हे कळल्यापासून मला एकदा तरी जायचंय.

चैत्रपालवी
सगळे छान सांगताय, पण मला अजून एकाही माणसाने "हे गाळ" म्हटलेलं नाही.

सुनीता_काकू
अगं, दोघी म्हणजे कोण? वय काय? चालता किती येतं? हे न सांगता कोण कसं सांगणार?

चैत्रपालवी
मी आणि आई. आई ७२ ची. दोन्ही गुडघे बदललेत, सपाटीवर तासभर चालते, पायऱ्या नको.

सुनीता_काकू
हे पहिल्या ओळीत हवं होतं! मी मागच्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेले होते. इन्व्याला गाईड होडीने पलीकडे नेतात आणि मग टांगा. रस्ता कच्चा, प्रत्येक खड्डा थेट गुडघ्यात. सासूबाई दुसऱ्या विहारात उतरल्याच नाहीत, टांग्याची दांडी धरून बसून राहिल्या. माझं मत, इन्वा गाळ.

भटक्या_२२
इन्वाच? गाडी रस्त्यानेही आत जाते. होडी-टांगा नको म्हणून गाईडला आधी बजावलं की झालं. गाळायचं तर सगाइंग गाळा. टेकडीवर गाडी जाते, पण पॅगोडे इतके की चढउतार आणि चपला काढ-घालच जास्त.

सुनीता_काकू
दादा, तुम्ही गुडघे बदललेल्या बाईबरोबर गेला होतात का? मी गेले होते. आणि अनवाणी हे सगळीकडे आहे, मोजेही चालत नाहीत. टिश्यू आणि पाय पुसायला ओला पंचा ने.

केतकी_पुणे
मिंगुनची घंटा आईंना फार आवडेल. नव्वद टनांची, खाली वाकून आत शिरता येतं, बाहेरून कोणी लाकडाने ठोकलं की आवाज छातीत घुमतो. शेजारी बोदाव्पयाचा अर्धवट पॅगोडा, १७९० ला सुरू झाला, दीडशे मीटरचा व्हायचा होता, पन्नासवर थांबला. धक्क्यापाशी टॅक्सी असं लिहिलेल्या बैलगाड्या असतात. बाकी सगळं सपाटीवर. त्यासाठी बोटीनेच जा.

जुनी_नाणी
बोट म्हणजे अमरपुऱ्याच्या महागंधायोन विहारातलं भिक्षूंचं सव्वादहाचं जेवण जातं.

केतकी_पुणे
गेलं तर जाऊ दे. शेकडो भिक्षू पात्र घेऊन रांगेत उभे, आणि माणसं त्यांच्या तोंडापाशी कॅमेरे धरतात. मला तिथे उभं राहवेना. कोणाच्या जेवणाचा देखावा करू नये.

ठाणेकर_काका
तिथल्या जुन्या वास्तूंचं तिकीट यंदा दहा हजार क्यात (तिथलं चलन), पाच दिवस चालतं, जपून ठेवा. आणि मंडालेच्या महामुनी मंदिरात बायकांना बुद्धमूर्तीला सोन्याचा वर्ख लावू देत नाहीत, आईंना आधी सांगा, नाहीतर हिरमोड होतो.

चैत्रपालवी
थांबा, एक सांगायचं राहिलं. आईला खरं तर टिळकांची जागा बघायचीय. आजोबांची गीतारहस्याची प्रत ती सोबत घेऊन येतेय. मला वाटलं ते मंडालेतच आहे, वेळ लागणार नाही, म्हणून लिहिलं नाही.

भटक्या_२२
हे महत्त्वाचं आहे. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या किल्ल्यात कैदेत होते, पण आतला बराच भाग लष्कराच्या ताब्यात आहे. आपल्याला पूर्वेच्या दरवाजातून फक्त नव्याने उभारलेल्या राजवाड्यापर्यंत जाता येतं. मीही विचारून पाहिलं होतं, पहारेकऱ्याने हाताने परत फिरवलं. कोठडी बघायला मिळेल असं आईंना सांगू नका.

सुनीता_काकू
किल्ल्याच्या खंदकाच्या काठाने जा. सकाळी सहाला तिथली माणसं फिरायला येतात, सपाट फरसबंदी आहे, बसायला जागा आहे. समोर लाल तट आणि पाणी. आमच्या सासूबाईंनी तिथे पाच मिनिटं हात जोडले होते. मग नऊची मिंगुनची बोट सहज मिळते.

चैत्रपालवी
ठरलं. सकाळी सहाला खंदक, नऊला बोटीने मिंगुन, दुपारी थोडी विश्रांती, चारला अमरपुरा आणि सूर्यास्ताला ऊ बेन पूल. सगाइंग आणि इन्वा दोन्ही गाळले. भटक्या, तुमचं बगाया माझ्या मनात राहिलंय, पण आईसोबत नाही जमणार. गाईडला आत्ताच फोन करते. पुलाला कठडा असतो का, एवढं कोणी सांगेल का?

सुनीता_काकू
नसतो. पहिल्या सावलीच्या चौथऱ्यापर्यंत जा आणि आईला तिथे बसव. सूर्य तिथूनही दिसतो.