निकोटिन पाउच : ब्रसेल्सने ठरवावं की ज्या त्या देशाने?

घेंटवासी
मी बेल्जियममध्ये राहते. इथे ऑक्टोबर २०२३ पासून निकोटिन पाउच (ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या छोट्या पुड्या) विकायला बंदी आहे, माझा भाचा स्वीडनला शिकतो तो म्हणतो मावशी इथे दुकानात राजरोस मिळतात, १८ पूर्ण असले की झालं. दोन्ही देश ईयूत, म्हणजे ब्रसेल्समधून चालणाऱ्या युरोपियन युनियनमध्येच ना? व्हेपला (ई-सिगरेटला) तर सगळीकडे एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिनचीच मर्यादा आहे मग पाउचलाच हे असं का, कुणी नीट सांगेल का

कायद्याचंबोला
ताई, २०१४ चं जे तंबाखू डायरेक्टिव्ह (ईयूचा सगळ्या सदस्य देशांना पाळावा लागणारा कायदा) आहे त्यात सिगरेट, तंबाखू आणि निकोटिनवाली ई-सिगरेट येते. पाउचमध्ये तंबाखूच नसतो, नुसतं निकोटिन, म्हणून ते त्यातून सुटले आणि मग प्रत्येक देशाने आपापलं बघितलं. मुळात सार्वजनिक आरोग्यासाठी म्हणून देशांचे कायदे एकसारखे करायचा अधिकार ईयूला जवळजवळ नाहीच, हे डायरेक्टिव्ह आणलं ते मुख्यतः सिंगल मार्केटच्या, म्हणजे सगळ्या ईयूची एकच बाजारपेठ ठेवायच्या कलमाखाली. त्यात देशांना वाव पण ठेवलाय, बेल्जियमने १ जानेवारी २०२५ पासून डिस्पोजेबल व्हेप बंद केले ते युरोपियन आयोगाची (ईयूच्या कार्यकारी मंडळाची) मंजुरी घेऊनच.

उप्सालाकर
मी स्वीडनमधून लिहितोय आणि माझं स्पष्ट मत आहे की हे देशांवरच सोडा. १९९२ मध्ये ब्रसेल्सने स्नूसवर (ओठाखाली ठेवायच्या तंबाखूवर) बंदी घातली, स्वीडन १९९५ ला ईयूत आला तो त्यातून सूट घेऊनच. २०२३ च्या युरोबॅरोमीटर या ईयूच्या जनमत पाहणीत ईयूत सिगरेट ओढणारे सरासरी २४ टक्के, आमच्याकडे ८. सगळं श्रेय स्नूसलाच असं मी म्हणत नाही, पण ती सूट नसती तर इथले किती लोक सिगरेटवरच राहिले असते याचा विचार कुणी करतं का? बाकी देशांत बंदी अजून आहेच, २०१८ मध्ये ईयू कोर्टाने ती पुन्हा कायम केली.

रॉटरडॅमची_आई
दादा तुमचं मोठ्या माणसांपुरतं पटतं, पण मी शाळेत जाणाऱ्या मुलांची आई आहे. कधीच सिगरेट न ओढलेलं पोर मिंटच्या वासाचं पाउच ओठाखाली ठेवतं त्याचं काय? नेदरलँड्समध्ये पण पाउचला बंदी आहे पण बॉर्डरवर कोण बॅगा उघडून बघतंय. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे तरी शेजारच्या राज्यांतून येतोच की. म्हणून मला वाटतं किती मिलिग्रॅम, कुठले फ्लेवर, वय किती, हे तरी सगळ्या युरोपला एकच पाहिजे, पूर्ण बंदी घालायची का ते देशाने ठरवावं.

उप्सालाकर
मिलिग्रॅमची मर्यादा आणि वय एकच ठेवा, त्याला माझी अजिबात हरकत नाही. फ्लेवर काढलेत तर मात्र सिगरेट सोडू बघणारा परत सिगरेटकडे जाईल ही भीती मला खरंच वाटते.

कायद्याचंबोला
टॅक्सकडे पण लक्ष ठेवा. जुलै २०२५ मध्ये आयोगाने प्रस्ताव आणलाय की पाउच आणि व्हेपवर सगळ्या ईयूत किमान टॅक्स लावायचा. टॅक्सला सगळ्या देशांची एकमताने संमती लागते, एकाने जरी नाही म्हटलं तरी अडलं, त्यामुळे तिथे स्वीडनचं म्हणणं टाळून पुढे जाता येत नाही.

घेंटवासी
आता लक्षात आलं, धन्यवाद सगळ्यांना. मी रॉटरडॅमच्या ताईंच्या बाजूने, निदान मिलिग्रॅमची मर्यादा तरी लवकर एक करा.