बाजार फुल्ल, मग महापालिकेची तिजोरी रिकामी कशी?

सी-५०२: लोकहो, एक साधा प्रश्न. एप्रिल २०२५ मध्ये देशात जीएसटीची विक्रमी वसुली झाली, जवळपास २ लाख ३७ हजार कोटी. आता दिवाळीत बाजारात पाय ठेवायला जागा नाही. आणि आपल्या सोसायटीच्या गेटसमोरच्या रस्त्याला महापालिकेकडे म्हणे निधी नाही! एवढा टॅक्स जातो कुठे?

सेक्रेटरी: दोनदा पत्र दिलंय, इनवर्डचा शिक्का आहे. उत्तर एकच, "तरतूद उपलब्ध झाल्यावर".

बी-३०१ ताई: दादा, तुम्ही दोन वेगळे खिसे एक धरताय. जीएसटी महापालिका गोळा करतच नाही. राज्यातल्या राज्यात विक्री झाली की अर्धा कर केंद्राचा, अर्धा राज्याचा. बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असं लिहिलेलं असतं ना, त्यात महापालिकेची ओळ दिसली का कधी?

आणि एप्रिलचा आकडा नेहमीच फुगलेला असतो. मार्चच्या विक्रीचा कर एप्रिलमध्ये भरला जातो, शिवाय वर्षअखेरीची बिलं. त्यावरून बाजाराचा कल काढू नका. मागच्या एप्रिलशी ताडून बघा, आणि त्यातूनही महागाई वजा करा.

शॉप नं. ३: ताई बरोबर बोलतायत. मी कंपोझिशनमध्ये आहे, म्हणजे छोट्या दुकानदारांची सोपी योजना, उलाढालीवर १ टक्का भरतो, तोही तिमाहीला. आत्ता दिवाळीत जे विकलं त्याचा कर मी जानेवारीत भरणार. गर्दी आज दिसते, सरकारला पैसा नंतर दिसतो.

सी-५०२: ठीक. पण मग महापालिकेला बाजारातून काहीच मिळत नाही? पूर्वी जकात होती ना?

ए-१०४ काका: होती! आमची उमेदीची वर्षं जकात नाक्यावरच गेली. शहराच्या हद्दीत "उपभोग, वापर किंवा विक्रीसाठी" जो माल येईल त्यावर कर, हा कायद्याचा शब्द. नुसती पुढे जाणारी गाडी असेल तर तिची वेगळी पावती. नाक्यावर बसल्या बसल्या शहराची नाडी कळायची. दिवाळीआधी कापडाच्या गाठी, मार्चला सिमेंट-सळई. मंदी आलीय हे पेपरात छापून यायच्या आधी आम्हाला पावतीपुस्तकावरून कळायचं. संध्याकाळी भरणा मोजला की दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर आकडा.

बी-२०४ वहिनी: आणि मैलभर ट्रकची रांग, तेही सांगा ना काका. चिरीमिरीही सांगा 😄

ए-१०४ काका: नाकारत नाही वहिनी. वाईट गोष्टी भरपूर होत्या. म्हणूनच गेली.

बी-३०१ ताई: गेली तीही टप्प्याटप्प्याने. नगरपालिकांची १९९९ मध्येच बंद झाली. महापालिकांत २०१० पासून एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आणायला सुरुवात झाली, पुणे-नागपूरसारख्या मोठ्या शहरांत १ एप्रिल २०१३ पासून. नाका नाही, व्यापाऱ्याने स्वतःच्या वह्यांवरून हिशेब करून भरायचा.

शॉप नं. ३: त्याच्या विरोधात आम्ही दुकानं बंद ठेवली होती, विसरलो नाही! व्हॅटचं रिटर्न वेगळं, एलबीटीचं वेगळं, तपासणीला माणूस वेगळा.

बी-३०१ ताई: हो, आणि १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला, म्हणजे जवळजवळ सगळ्याच दुकानदारांना. मुंबईत मात्र जकात शेवटपर्यंत चालली, ३० जून २०१७ पर्यंत. दुसऱ्या दिवशी जीएसटी.

आता मुद्द्याची गोष्ट. हे कर गेले म्हणून राज्याने महापालिकांसाठी नुकसानभरपाईचा कायदा केला. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ, आणि पैसे दरमहा ५ तारखेपर्यंत आगाऊ द्यायचे. मुंबईला पहिला चेक जुलै २०१७ मध्ये मिळाला, ६४७ कोटींचा. मुंबईच्या २०२५-२६ च्या बजेटात हीच रक्कम वर्षाला १४ हजार कोटींच्या पुढे धरली आहे. २०१६-१७ च्या पायापासून ९ वर्षं, आणि ८ टक्क्यांनी ९ वर्षांत दुप्पट होते, हिशेब बरोबर तेवढाच.

या सूत्रात काय नाही ते बघा. शहरात दुकानं किती वाढली, लोक किती आले, दिवाळी कशी गेली, काहीच नाही. महापालिका आधी गल्ल्यावर बसायची, आता पगार घेते. बाजार दुप्पट चालला तरी वाढ ८ टक्के, बाजार बसला तरी ८ टक्के.

सी-५०२: म्हणजे मी इथे एक लाखाचा टीव्ही घेतला काय किंवा शेजारच्या शहरातून आणला काय, आपल्या महापालिकेला फरक शून्य?

बी-३०१ ताई: शून्य. राज्याच्या हद्दीतच घेतलात तर राज्यालाही नाही.

ए-१०४ काका: पण पगाराचा फायदाही बघा हो. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन. आदल्या वर्षी त्या महिन्यात देशाची वसुली १ लाख १३ हजार कोटींच्या वर होती, त्या वर्षी ३२ हजार कोटींच्या आसपास. तेव्हा जकात असती तर नाक्यावर माश्या मारत बसलो असतो आणि सफाई कामगारांचा पगार कुठून काढला असता? या सूत्रात निदान हप्ता तरी ठरलेला होता.

बी-३०१ ताई: मान्य काका, स्थैर्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. महापालिकेचा बाजाराशी असलेला स्वार्थच संपला. दुकानांसमोरचा रस्ता सहा महिने उकरून ठेवला आणि धंदा बसला, तरी तिच्या जमेच्या बाजूला एक रुपया कमी होत नाही. तेच बांधकाम मंदावलं तर लगेच झोंबतं, कारण विकास शुल्क घटतं. आणि घराच्या खरेदीखतावर मुद्रांक शुल्काबरोबर जो १ टक्का अधिभार असतो, तो महापालिकेच्या वाट्याचा. मिळकतकरही इमारतींवरच. मग तिचं लक्ष दुकानांकडे राहील की टॉवरकडे?

शॉप नं. ३: 👏👏 हे आमच्या असोसिएशनच्या मीटिंगमध्ये बोला ताई.

बी-२०४ वहिनी: मध्येच विचारते, आपल्या मेंटेनन्सवर जीएसटी लागतो का?

सेक्रेटरी: नाही. दर सभासदामागे महिना ७,५०० च्या आत आहे. तो विषय नको इथे, नाहीतर रात्र जाईल.

सी-५०२: मग शहराची आर्थिक तब्येत बघायची तर आता बघायचं काय? राज्यांचे जीएसटीचे आकडे दरमहा येतात, त्यात महाराष्ट्र पहिला असतो.

बी-३०१ ताई: तो राज्याचा आकडा, शहराचा नाही. शिवाय कंपन्यांची मुख्यालयं आणि नोंदणी मुंबईत, त्यामुळे महाराष्ट्राच्या नावावर दिसणारी सगळी वसुली महाराष्ट्रात झालेल्या खरेदीची नसते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले. दर उतरला की विक्री वाढूनही कर कमी दिसू शकतो. पुढचे काही महिने ते आकडे जपून वाचा. शहरापुरतं बघायचं तर दस्तनोंदणी, मिळकतकराची थकबाकी आणि रिकामे गाळे.

शॉप नं. ३: रिकामे गाळे मी सांगतो. आपल्या रांगेत सातपैकी दोन बंद आहेत.

सेक्रेटरी: सगळं पटलं, पण मी पत्रात लिहू काय?

बी-३०१ ताई: "निधी नाही" याला उत्तर म्हणून जीएसटीचा विक्रम लिहू नका, हसतील. बजेट पुस्तकात जमेच्या बाजूला जीएसटी अनुदान किती धरलंय आणि प्रत्यक्ष किती आलं ते बघा. मग खर्चाच्या बाजूला आपल्या प्रभागाच्या रस्त्यांचं लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचं खातं, शोधा आणि थेट विचारा, यातले किती खर्च झाले?

सी-५०२: पीडीएफ उघडली. शेकडो पानं आहेत 😵

ए-१०४ काका: घाबरू नकोस. जमा बाजू सुरुवातीलाच असते. खर्चाची पानं मला प्रिंट काढून दे, मोबाईलवर ते आकडे मला दिसत नाहीत.