परभणी ते पुणे मोटारसायकल रेल्वेनं पाठवावी का?

सेलूकर:
पोरगा पुण्यात शिकायलाय, त्याची गाडी पाठवायचीय. ट्रॅव्हल्सवाल्यांचा भाव ऐकून गार झालो. परभणीच्या पार्सल ऑफिसातून हल्ली कुणी पाठवलीय का?

गोदाकाठ:
जाते. टाकी रिकामी लागते. आरसी अन् ओळखपत्राची झेरॉक्स घ्या. पॅकिंगचा भाव आधी ठरवा.

जुना पार्सलबाबू:
पाठवा की. याच मार्गावर नोकरी केली म्हणून सांगतो. मीटर गेज, म्हणजे अरुंद रूळ, होतं तेव्हा मुंबईचा एकूण एक नग मनमाडला डबा बदलायचा, कारण तिथून पुढं ब्रॉडगेज, रुंद रूळ. कापडाच्या गाठी, औषधांची खोकी, सगळं हमालांच्या पाठीवरून. तरी लोक रेल्वेनंच पाठवायचे, रस्तेच तसले होते. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले अन् तोवर ट्रकवाल्यांनी धंदा नेला.

भाड्यामुळं गेला म्हणतात, ते मला पटत नाही. जालन्याच्या बियाणेवाल्याला माल दुकानाच्या ओट्यावर लागतो. आम्ही स्टेशनापर्यंतच नेणार, पुढचा टेम्पो अन् हमाली त्याची. त्यात गाडी दोन मिनिटं थांबणार. गार्डाच्या डब्याशेजारचं दार उघडेस्तोवर शिट्टी होते, नग चढवायचे कधी? नव्या धाटणीच्या एलएचबी डब्यांच्या गाड्यांत एका टोकाला जनरेटरचा डबा आला, तेवढी पार्सलची जागा गेली. नांदेड-मुंबई वंदे भारतला तर पार्सलचा डबाच नाही.

जालनेकर:
काका, शेतमालाची किसान रेल विसरलात. नगरसोलहून कांदा गेला की गाड्या भरून.

जुना पार्सलबाबू:
विसरतो कसा? 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला पहिली सुटली. फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सूट होती. गाडीभर माल लांबच्या एकाच बाजाराला जाणार असेल तिथं रेल्वेला तोड नाही. सुट्या नगांचं दुखणं त्यानं बरं झालं नाही.

सेलूकर, बिल्टी, म्हणजे पार्सलची पावती, करताना गाडीची किंमत जाहीर करून त्यावरचा आकार भरा, नाहीतर नुकसानभरपाई वजनाच्या हिशोबानं मिळते, म्हणजे चिल्लर. अन् पोराला म्हणावं, गाडी लगेच सोडवून घे. मुदत उलटली की व्हार्फेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, चढायला लागतं.

सेलूकर:
लय उपकार, काका. तरटाचं पॅकिंग सेलूतच करून आणू का?

जुना पार्सलबाबू:
अन् मग परभणीपर्यंत डोक्यावर आणता का? चालवत या, पेट्रोल तिथंच काढा.