प्रतिसाद: सहा गिअर आहेत, पण लागतात किती?

वर म्हटलंय की चारऐवजी सहा गिअरची ऑटोमॅटिक घेतली की मायलेज वाढतंच. हायवेवर, हो. मारुतीच्या अर्टिगा आणि ब्रेझाला 2022 मध्ये चारच्या जागी सहा गिअर आले. वरचा गिअर लांब असला की त्याच वेगाला इंजिन कमी आरपीएमवर (मिनिटाला कमी फेऱ्यांवर) फिरतं. पण अंधेरी ते दहिसर संध्याकाळी सात वाजता? तिथे गाडी पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्यातच अडकते, पाचवा-सहावा नुसते शोभेला. शिवाय रांगताना टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक-अप क्लच, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लच, सहसा उघडा राहतो, मग इंजिनची बरीच ताकद तेल घुसळून तापवण्यात जाते. शहरात मायलेज पडतं ते इथेही.

सिग्नल मिनिटभराचा असेल तर एन (न्यूट्रल) आणि हँडब्रेक. डीमध्ये (ड्राइव्ह) ब्रेक दाबून ठेवला की इंजिन कन्व्हर्टरशी झुंजत राहतं. चालत्या गाडीत मात्र एन नको. डीमध्ये पाय उचलल्यावर इंजेक्टर बंद होतात, एनमध्ये आयडलिंगचं पेट्रोल जळतंच. फ्लायओव्हर चढताना अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबलात तर किकडाउन होऊन दोन गिअर खाली, की आरपीएम चार हजारांवर! हळूहळू दाबा.

तुमची एएमटी (साधाच क्लच आणि गिअरबॉक्स, पण यंत्राने चालणारा) असेल तर कन्व्हर्टरचा मुद्दा लागू नाही; तिथे रांगण्याने क्लच झिजतो.